जोखीम-पत्रक

अकरा नंबरचा अहवाल आला संध्याकाळी.
तोवर चार दिवस आम्ही त्याला साधा न्यूमोनिया म्हणत होतो.
मग मेट्रन मॅडमनी टेबलावर पत्रक ठेवलं
आणि सुतळीला बांधलेलं एक निळं पेन.
म्हणाल्या, "बघून भरा गं,
रात्रपाळीला तिघीच उरल्यात."

रुग्णापासूनचं अंतर : एक मीटरच्या आत की बाहेर?
सलाईन बाहेरून लावता येत नाही,
तरी मी प्रश्न दोनदा वाचला.

संपर्काचा कालावधी : पंधरा मिनिटांहून कमी की जास्त?
पहिल्या रात्री शीर सापडेना,
सातेक मिनिटं गेली असतील.
दुसऱ्या दिवशी विचारलं त्यानं, भरती कधीची आज?
चेंदणीचा माणूस,
खिडकीतून दिसायची त्याला फक्त पाण्याची टाकी.
मी वडिलांसारखी तिथीची पाऊणपट केली,
सांगितलं, सव्वानऊ.
हसला. "ती समुद्राची, सिस्टर.
खाडीत आत यायला पाण्याला वेळ लागतो."
हे धरायचं का?
तिसऱ्या दिवशी त्यानं ऑक्सिजनचा मास्क तीनदा ओढून काढला
आणि मी तीनदा चढवला,
तेव्हा त्याचा खोकला
हातमोजा आणि बाही यांच्यामधल्या दोन बोटं जागेवर आला.
ऊन होता.
ही दोन बोटं कुठल्याच रकान्यात नाहीत.

वापरलेलं संरक्षण : पूर्ण / अंशतः / नाही.
एक मास्क, कागदी पिशवीत,
पिशवीवर माझ्याच अक्षरात : सुलक्षणा खैरे, सोम ते शनि.

उच्च जोखीम लिहिलं तर चौदा दिवस घणसोलीच्या लॉजवर,
कमी लिहिलं तर उद्या सकाळी आठला हजर.
माझ्या आधी फरहीन डॉक्टरनी भरलं होतं,
त्याआधी एक्स-रेच्या जयवंतनं,
पेनाचं टोपण कुणीतरी दातांनी चावलेलं.
तेच पेन घेतलं, लिहिलं, कमी.
सही नीट आली नाही.

द्वारकाबाई घरत बादली खाली ठेवून
बराच वेळ उभी होती.
"माजा नाव कय हाय गो, बाय?"

डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ.
त्याखाली थेट तारीख.
तिचा हजेरीपट तुर्भ्याला, कंत्राटदाराच्या कपाटात.
मी कागद उलटा केला.
मागच्या कोऱ्या बाजूला तिचं नाव लिहिलं,
आणि सवयीनं विचारत गेले :
मावशी, अंतर? एक मीटरच्या आत?

"काल त्याची नखां कापली मी.
नखां लांबशी कशी कापनार गो?"

किती वेळ?

"धाई बोटां व्हती."

मी हसले, तीही हसली,
मास्कमागं तिचे फक्त डोळे बारीक झाले.
मग मी लिहिलं, दहा बोटं.
दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही.

ऑफिसात पत्रकांच्या प्रती काढल्या,
एकाच बाजूच्या.

सकाळी आठला मी पोचले तेव्हा
अकरा नंबरवर नवी चादर होती,
चारी कोपरे घट्ट खोचलेले.
त्याला वरच्या मजल्यावर नेलं होतं.
द्वारकाबाई विटाव्याहून चालत येऊन
माझ्याही आधी कामाला लागलेली,
आणि जिन्याशी टेकून
एकदाच, हळू, खोकली.

आम्ही दोघींनी फिनेलला दोष दिला.