अडतिसावं पिल्लू

एप्रिलच्या अमावास्येला उधाण आलं,
सेव्हर्न घटकाभर उलटी वाहिली,
आणि दुसऱ्या दिवशी मिस्टर प्रॉसर
झाकणाच्या बादलीतून
वाम माशाची पिल्लं घेऊन वर्गात आले.

अडतीस. टेगनने तीनदा मोजली.
काचेची, शेवईच्या तुकड्याएवढी.
डोळ्यांचे दोन ठिपके नसते
तर नुसतं पाणीच हलतंय असं वाटलं असतं.

मी फळ्यावर अटलांटिक काढला.
तो नेहमीसारखा बटाटा झाला.
इथे कुठेतरी जन्मतात, म्हटलं,
नक्की जागा कुणीच पाहिलेली नाही.
मग दोन-दोन वर्षं वाहत, पोहत
ट्यूक्सबरीपर्यंत येतात,
एव्हन आणि सेव्हर्नच्या संगमापाशी,
आणि बंधाऱ्याला अडतात.
म्हणून भिंतीला ते खराटे उभे केलेत.
ओल्या काड्यांत अंग गुंतवत
रात्रीची वर चढतात.

"आई नसते त्यांच्यासोबत?"
इद्रिसने विचारलं. त्याला इथे येऊन
दोनच टर्म झाल्यात.
आई परतत नाही, हे
पुस्तकात एका ओळीत आहे.
मी ती ओळ हळू वाचली
आणि तिची उपमा होऊ दिली नाही.
मासा मासाच राहू दे,
निदान मधल्या सुट्टीपर्यंत.

मग झुझान्ना म्हणाली,
मिस, तुमच्या नदीत असतात?
असतात की. चिपळूणला, वाशिष्ठीत.
आम्ही अहीर म्हणायचो.
बाबा गोवळकोटहून आणायचे,
आई राखेत चोळून बुळबुळ काढायची,
तिरफळं घालून कालवण.
"आणि ते कुठे जातात?"

वह्या उघड्या होत्या. पेन्सिली तयार.
मला फक्त चव सांगता आली असती.
शाळेच्या खिडकीतून नदी दिसायची,
आणि आम्ही नाईलची लांबी पाठ करायचो.
माहीत नाही, म्हटलं.
त्यांनी तेच लिहून घेतलं,
वर तारीख घालून.

जूनमध्ये सगळे काठावर गेलो.
पिल्लं आता काचेची नव्हती,
कोऱ्या चहाचा रंग चढला होता.
लहानपणी आम्ही ही अंड्यात तळायचो,
मिस्टर प्रॉसर म्हणाले, ताटलीभर.
टेगनने बादलीवर हात आडवा धरला.

बादली वाकवली. सदतीस गेली.
एक तळाशी, गोल गोल, प्लॅस्टिकला बिलगून.
इद्रिसने ते ओंजळीत घेतलं,
मनगटं बुडेपर्यंत वाकला,
बोटं उघडली.
ते गेलं नाही.

रस्त्यावरून बसवाल्याने हॉर्न दिला.
मी म्हटलं, थोडं हलव हात.
नको, म्हणाला. त्याचं त्याला ठरवू दे.

बसवाल्याने दुसऱ्यांदा दिला.
माझे बूट चिखलात जात होते.