अर्ध्या इंचाचा वॉशर

नळ गळतोय चार दिवस.
रात्री बादलीत पडणारा एकेक थेंब,
शेजारच्या खोलीत कुणी नाणी मोजत बसल्यासारखा.

मिरज रस्त्यावरच्या मोठ्या दुकानाचं दार
आपलं आपण उघडतं.
आत गारवा, झुंबरं, कमोड,
गुंडाळी करून ठेवलेलं हिरवं खोटं गवत.
गणवेशातला पोरगा म्हणाला, सर, प्लंबिंग चार नंबरला.
चार नंबरला एक पाकीट टांगलं होतं,
चार मापांचे बारा वॉशर, एकोणऐंशी रुपये,
सुटे मिळत नाहीत.
पैसे घेताना मोबाईल नंबर विचारला.
नाव नाही विचारलं.
मला तेच हवं होतं.

बारापैकी एकही बसला नाही.

नेमगोंडा आण्णांचं दुकान गणपती पेठेत,
घरापासून पाच मिनिटं.
कैक वर्षं मी त्या बोळानं जात नाही.
बायकोला सांगतो, तिकडं पार्किंगची बोंब आहे.
आमच्याकडं गाडी नाही.

त्या ऑगस्टात आयर्विनखालचा आकडा
तासातासाला वर सरकत होता
आणि आण्णा अर्ध्या शटरखाली, पोटरीभर पाण्यात उभे राहून
जो जे मागेल ते देत होते.
दोर, कुलपं, बॅटऱ्या, प्लास्टिकचा कागद.
टेकायला कोरडी जागा कुठं होती?
गिऱ्हाइकाच्याच पाठीवर वही ठेवून लिहीत होते.
माझं नाव माझ्या पाठीवर लिहिलं गेलं.
पेनाचं टोक शर्टातून टोचलेलं
अजून कळतं, आंघोळ करताना.

पाणी उतरलं तेव्हा वही निघाली निळ्या चिखलाची.
दुकानापुढं दोरीवर त्यांनी पानं वाळत घातली,
खाली पोत्यातले खिळे गंजून एकजीव झालेले.
मग लोक येत गेले.
नवी वही उघडून
आपलं देणं आपल्याच हातानं लिहून गेले.
जुलेखाबी बागवान सत्तर रुपयांसाठी दोनदा आली,
पहिल्या खेपेला गर्दी होती म्हणून.
मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहून बघत होतो.
पगार व्हायचा होता.
मग झाला.
मग राहिलंच.

मी पतसंस्थेत आहे. वसुलीला.

दोर कधीच कुजला.
दोन्हीतलं एक कुलूप मात्र अजून दाराला आहे,
रोज संध्याकाळी उघडतो,
एका झटक्यात उघडतं. चांगलं दिलं होतं.

आज सकाळी जुना वॉशर मुठीत धरून गेलो.
आण्णा वाळलेत.
भिंत रंगवताना पाण्याची रेघ तेवढी सोडलीय.
रेघेच्या वर लोखंड,
खाली नुसता न गंजणारा माल.

किती इंची, असं विचारलं नाही.
म्हणाले, आवाज कसा येतोय? टपटप का सूं?
टपटप.
दिवसा पण?
रात्रीचं जास्त.
हां, टाकी भरली की दाब येतोय,
असं पुटपुटत, मागं न बघता
त्यांनी पाठीमागचा एक ड्रॉवर ओढला,
बोटांनी चाचपला, आणि काढला.
एकच.

मी साडेतीनशे ठेवले.
घरून एक वाक्य पाठ करून आलो होतो,
ते काही आलं नाही.
आण्णांनी चष्मा कपाळावर सारला,
नोटा मोजल्या,
गल्ल्यातली दहाची नोट माझ्यापुढं सरकवली.
तीनशे चाळीस हुतं, म्हणाले.
मग काहीतरी आठवून
ती नोट परत ओढून घेतली
आणि सहा रुपये सुट्टे मोजून दिले.
वॉशरचं चार.

मी पायरी उतरलो तेव्हा मागून म्हणाले,
बसला न्हाई तर आणून द्या.
पण सहाच्या आत या.
दिवस बुडायच्या आधी मी जेवाय जातो.