अर्ध्या खाचेवर

ठकूबाई झोरे आली सकाळच्या पहिल्या एसटीनं,
घोंगडीत गुंडाळलेली ठासणीची बंदूक
तान्ह्या पोरासारखी आडवी धरून.
म्हणाली, "विलेक्शनला ठाण्यात जमा होती.
कुणी पाडली का काय, देव जाणं.
टोपी पयल्या ठोक्याला फुटत न्हाई.
अन् घोडा अर्ध्यावर थांबायचा कधी, कधी न्हाई,
आता मुळीच न्हाई."
न विचारता परवाना काढून दाखवला:
नवऱ्याचं नाव खोडलेलं, वारस म्हणून तिचं,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, भाकरीच्या शेजारी.

आधी गज.
बाप म्हणायचा, रिकामी आहेस का
हे बंदुकीला विचार, माणसाला नको.
गज तळाला टेकला, टण्ण. रिकामी.
मग पाटणातला हा माझा ओटा, नदीकडून येणारं वारं,
शेजारच्या गिरणीचा फटफटणारा पट्टा
आणि मांडीवर उघडलेली कळ.

यंत्रातली ती कळ,
पोटातून उठते तीही कळ,
आणि फार उशिरा कळतं, ते त्याच घरातलं.

कमान चिमट्यात दाबून काढली. शाबूत.
घोडा आसावर लुळा, पडायला आलेल्या दातासारखा.
निपलला दिव्याची काजळी लावली, घोडा हलकेच टेकवला:
त्याच्या तोंडात काळा चंद्र उमटला, पण अर्धाच.
म्हणजे टोपीच्या डोक्यावर न बसता
हा तिच्या गालावर मारतोय.
मान लाल करून गव्हाभर वाकवायची.
सोपं काम.

मग भिंगरी उजेडात धरली, भिंग डोळ्याला लावलं.
अर्ध्या खाचेचा ओठ झिजलेला नव्हता.
घासलेला होता.
तिरका, डावीकडे उतरता, शेवटी जरा खोल.
डावखुऱ्याची कानस.

पाटणात डावखुरा शिकलगार एकच.

तेव्हा मी बावीसचा. बाप मिरजेला दवाखान्यात.
धाकलू झोरे इथंच उभा होता, पायरीवर एक पाय:
"चाप लई जड हाय रं दस्तगीर.
डुक्कर नाचणी खाऊन ढेकर देतं, मग माझा बार हुतो."
मी हलका केला. लोण्यासारखा.
दोन्ही खाचांवरून हात फिरवला, हौसेनं.
खूश होऊन त्यानं मधाची बाटली दिली होती,
सड्यावरच्या कारवीचा मध.

पुढं कधीतरी कानावर आलं,
नळी धरून बांध चढताना झोऱ्याचा अंगठा गेला.
मी म्हणालो, अरेरे.
आणि कुणाचा तरी विळा पाजळत राहिलो.

ठकूबाई ओट्याच्या कडेला भाकरी सोडते.
"काय झालंया?"
"खाच गेलीय."
"झिजली व्हय?"
माझ्या तोंडात शब्द अर्ध्यावर उभा,
ना पडत, ना मागं येत.
गिरणी बंद पडली तेवढ्यात. सगळं ऐकू येईल असं झालं.
मी म्हणालो, "परवा ये."

नवी भिंगरी घडवली. खाचा मोजून कापल्या, घाई न करता.
हाडाचा कोळसा, शिंगाचा भुगा, डब्याला मातीचा लेप,
रात्रभर भट्टीत.
पाण्यात टाकली तेव्हा ती चुरचुरली आणि
पिकल्या जांभळाच्या रंगाची होऊन वर आली.
काजळीचा चंद्र पुरा गोल.
अर्ध्यावरचा घोडा अंगठ्यानं दाबला, हिसकला,
दस्ता लाकडावर आपटला.
हलला नाही.

ती आली. पैसे रुमालातून सोडायला लागली.
मी जुनी भिंगरी कागदात बांधून तिच्या तळहातावर ठेवली.
"झिजली नव्हती. घासली होती.
मी."

पुडी तिनं उघडली नाही.
वजन केल्यासारखी जरा वेळ धरली, कनवटीला खोचली.
नोटा मोजल्या, पुऱ्या, एकही कमी नाही.
मग बंदूक उचलली. मी निपलवर कातड्याचा तुकडा ठेवला.
नळी आभाळाकडे करून तिनं चाप ओढला,
हळू, पुन्हा एकदा, अजून हळू.
माझ्याकडे न बघता म्हणाली,

"अजून जरा जड कर.
नातू चालाया लागलाय."