मजले : शून्य

रात्रीचे पावणेअकरा. वर्धा रोडवरच्या ऑफिसात
एसी कधीचा बंद झालाय. मी आहे, वॉचमन भोयर आहे,
आणि सात हजार दोनशे सोळा ओळी.
एका ओळीत एक घर. किंवा दुकान. किंवा वाडीचं गोदाम,
ज्यात कुणाचे तरी कूलर
मार्चची वाट पाहत छतापर्यंत रचलेले आहेत.

रकाने साधेच. आधी पॉलिसी, तिच्या पोटात ठिकाणं,
ठिकाणाच्या पोटात इमारत, सामान,
आणि धंदा बसला तर किती दिवसांचे पैसे.
मग भिंत कशाची, वर स्लॅब की कवेलू,
कुठल्या साली बांधलं, मजले किती.
शेवटी अक्षांश, रेखांश, दशांशानंतर सहा आकडे,
म्हणजे थेट उंबरठ्यापर्यंत.

पण लोक आकड्यांत राहत नाहीत.
लोक लिहितात : मारोतीच्या मागे, गिरणीला लागून,
लिंबाची गल्ली (आता लिंब नाही).
मशीन हे वाचतं, थोडा वेळ गरगर फिरतं,
आणि पिनकोडच्या ऐन मधल्या बिंदूवर
सगळ्यांना नेऊन उभं करतं.

अशी एकेचाळीस घरं आज सापडली,
एकाच बिंदूवर, एकावर एक.
नकाशा मोठा केला : टेकडी,
पाण्याची टाकी, मैदान,
एक गोलपोस्ट. दुसरा कुणी नेलाय.

मॉडेलकडे दहा हजार वर्षांचा पाऊस आहे,
त्यातला एकही थेंब अजून पडलेला नाही.
तो पडला. नाला फुगला, गल्ल्यांत शिरला,
आणि टेकडीवरच्या एकेचाळीसांना
ओल लागली नाही.
पुण्याहून मेसेज : आकडा छान दिसतोय, पाठवून द्या.

पाठवून देणारच होते.
पण ओळ तीन हजार आठशे सात :
निनावे, वामन. लुगड्यांचं दुकान. सामान नऊ लाख.
बांधकाम अज्ञात. साल अज्ञात. मजले शून्य.

झीरो माइलच्या गावात
हे समजावून सांगायची पाळी यावी :
हे शून्य, जिथून मोजायला सुरुवात झाली ते नव्हे.
हे शून्य म्हणजे
मोजायला कुणी गेलंच नाही.

मी गेलेय तिथे, आत्यासोबत, आठवीत असताना.
नाल्याच्या भिंतीला पाठ लावून बसलेलं दुकान,
आत कोऱ्या सुताचा आणि खळीचा वास.
बाकी काही आठवेना, म्हणून एजंटला फोन लावला.
"काऊन मॅडम, एवढ्या रात्री?"
हेडाऊभाऊ, ते दुकान किती मजल्यांचं?
"मजले? वर काहीच नाही नं.
जे हाय ते खाली हाय. सहा पायऱ्या."

तळघराचा रकाना असतो आमच्याकडे.
सक्तीचा नाही, म्हणून कुणी भरत नाही.
मी भरला.
मग बिंदू माउसने उचलला, टेकडीवरून खाली आणला,
मैदान, शाळा, लाकडाची टाल ओलांडून,
लेकराला झोपेत उचलून नेतात तसा,
आणि नाल्याकाठी ठेवला.

पुन्हा चालवलं. या वेळी पाणी पायऱ्या उतरलं.
पहिले पंचवीस हजार निनाव्यांचे,
पुढचं आमचं.
पुणे विचारेल, आकडा का वाढला.
शेऱ्यात लिहिलं : धोका वाढलेला नाही,
माणूस आपल्या दुकानात परत गेला आहे.
मग खोडलं, आणि लिहिलं : पत्ता दुरुस्त.

चाळीस उरलेत टेकडीवर.

भोयर किल्ल्या वाजवत मागे येऊन उभा.
"याच्यात पारडी हाय का जी?"
आहे.
"आमची गल्ली?"
शोधली. पोस्टापासची वळणं, दोन्ही बाजू.
तिथे एकाचीही पॉलिसी नाही. नकाशा पांढरा.
नाही, म्हटलं.
"मंग आमच्याकडं पाणी येत नाही,"
तो म्हणाला, आणि एकेक बटन खाली करत
दाराकडे गेला.