जसं दिलं तसं

मढवीकाकी दारातूनच बोलल्या,
"डिपॉझिट सगळं देईन,
पण घर जसं दिलं तसं हवं,"
आणि मान वर करून बघत राहिल्या
ओट्यावरच्या एक्झॉस्टकडे.

तीन दिवाळ्यांच्या चकल्या या ओट्यावरून गेल्या,
घणसोली नाक्यापासून पार कोपरखैरण्यापर्यंत.
गिऱ्हाइकं चकली घेऊन गेली.
धूर इथेच राहिला,
पात्यांच्या कडांना लोंबत,
काकवीसारखा, बोट न सोडणारा.

वरच्या मजल्यावरून हौसाक्का आल्या, पिशवी घेऊन.
त्यांचे मालक मार्केटात माथाडी,
घरी दबलेली लिंबं येतात,
साली त्या कधी फेकत नाहीत.
मी धुण्याचा सोडा उकळत ठेवला होता.
"पातं अ‍ॅल्युमिनचं हाय, बाई. सोड्यानं काळं पडंल.
सोडा जाळीला ऱ्हाऊ दे.
पात्याला आधी गोडंतेल लाव."

तेलकटाला तेल?

"मग? रुसलेलं माणूस
घरातलं कुणी गेल्याबिगर उठतंय व्हय?"

मग पेपर पसरून बसलो दोघी.
तेल चोळलं, वर गव्हाचा कोंडा दाबला,
चहा झाला, कोंडा फुगून पिवळा झाला.
गरम पाणी, साली, दात घासायचा जुना ब्रश.

पहिला थर माझा. सहज निघाला,
भाजणीच्या वासासकट.
त्याखालचा माझा नव्हता.
पाणी पडलं आणि एकदम
खोबरेल तेलात तळलेली केळी घमघमली.
थॉमसकुट्टी,
ज्याच्या नावाची विम्याची पत्रं
अजून माझ्या दाराखालून आत येतात,
त्याच्या घरातलं कुणीतरी
इथंच उभं असणार झारा घेऊन,
मानेवरचा घाम खांद्याने पुसत.

त्याच्याही खाली एक होता, काळपट, चिवट.
लिंबाने हलेना, नखाने हलेना.
हौसाक्कांनी ब्रश नाकाशी नेला.
"बोंबील," म्हणाल्या.
आणि आम्ही दोघी गप्प.
थॉमसकुट्टीच्या आधी इथे
मढवीकाकी स्वतः राहायच्या.

निघालेलं सगळं पेपरात गुंडाळलं,
मोरीत सोडलं तर तुंबते.
तीन घरांचं मिळून
एका बुंदीच्या लाडवाएवढं भरलं.

सोड्यातून काढली तर जाळी निळी निघाली.
तीन वर्षं मी तिला तपकिरी समजत होते.

संध्याकाळी काकी आल्या.
पंख्याखाली उभ्या राहून चष्मा काढला,
पुसला, पुन्हा घातला.
"असा नव्हता हो दिला," म्हणाल्या.
मी बोंबलाचं काही बोलले नाही.

रात्री भांडी सगळी खोक्यात.
बाहेर एक कढई, एक चिमटा,
अर्धी पिशवी तेल आणि चार पापड.
तळावेसे वाटले.
वर पाहिलं.
भाजले.