खळ

साखर पेठेत नरसय्या कोडमांकडे जुजबंदी शिकले.
"आधी कोरे कागद शिव," म्हणायचे,
"तिथं चुकलं तर कुणाचं काही जात नाही."
मागावर सुताला लागते तीच खळ,
वर चिमूटभर मोरचूद, कसरीसाठी.
गाठही विणकराचीच.
बोलणं अर्धं तेलुगूत,
उरलेलं टोच्यानं.

वाचत थांबले की ओरडायचे,
"पानं मोज! मे महिना आहे, खळ वाळते."
त्यांना फक्त पानांवरचे आकडे यायचे,
हे त्यांच्या मुलानं सांगितलं,
पुष्कळ नंतर.

आता पाटावर समोर भाग्यलक्ष्मी.
सुई ओवलेली, मांडीवर सोळा पानी जुज,
आणि ही वाचतेय. ओठ हलतात.
वाडग्यात खळीवर साय धरू लागलीय.
पान उडतंय म्हणून ती अंगठ्यानं दाबते.

मी पंखा बंद करते.