मागील बाजू

भाच्याने लॅपटॉप लावून दिला आणि दुकानावर गेला.
जाताना म्हणाला, मावशी, नुसतं नाव टाक, सगळं येतं.

गणपत सोनपरोते, मी टाकलं.
काही आलं नाही.
कोऱ्या चौकटीत एक काडी लुकलुकत राहिली,
हजेरी घेणारा मुकादम
पुढच्या नावासाठी थांबावा तशी.

मग आठवलं, इंदूरची पत्रकं हिंदीत निघायची.
ण खोडून न केला
आणि वडील सापडले.
सतरा ठिकाणी.
साथी गनपत, कंपोझिटर.
साथी गनपत, जमानत नामंजूर.
एका पानावर यंत्राने हड़ताल वाचलं हरताल.
आपल्याकडे हरताळ फासतात
लिहिलेलं नाहीसं करायला.
एकटीच हसले.

मिल बासष्ट दिवस बंद होती. पत्रकात आहे.
(गिरणी म्हणायचे ते पुण्याचे पाहुणे.
आम्ही मिलच म्हणत आलो.)
परदेशीपुऱ्यात सभा झाली, पाऊणशे जण धरले गेले,
तेही आहे, तारखेसकट.
चूल बासष्ट दिवस कशी पेटली
हे कुठल्याच साथीने छापलेलं नाही.

अनसूया सोनपरोते.
हिच्यात ण नव्हताच, बदलणार काय?
सू ह्रस्व केला. अनुसया केलं.
गनपतची पत्नी असंही टाकून पाहिलं,
लाज वाटली, तरी.
शून्य.
शून्याखाली सूचना : शब्दलेखन तपासा.

अकरावं पत्रक मोठं करून बघत होते.
बोट घसरलं, पान उलटलं.
स्कॅन करणाऱ्या कुणा भल्या पोराने
मागची बाजूही टिपली होती
आणि खाली नोंद ठेवली होती :
पृष्ठ दोन. असंबद्ध मजकूर.

जांभळी पेन्सिल. ती जिभेला लावून लिहायची,
जीभ कायम निळसर.
मला वाटायचं सगळ्या आयांची तशीच असते.
तिचा ल उपड्या चमच्यासारखा.

शेवंता, पीठ दोन वाट्या.
जोहराबी, डाळ पावशेर, मिरच्या.
रामप्यारी, कोळसा घमेलंभर.
साळवींकडून मीठ, न मागता दिलं.
आज जेवायला बारा.
पोरगी मोजू नये, ती माझ्यात.

त्या बारांत मी नाही.
तिच्या घासात आहे.

फेडलं की ती नावावर आडवी रेघ मारायची.
सगळ्यांवर रेघ आहे.
एकीवर नाही.
मालन भिसे, ज्वारी अर्धी पायली, परत देणे.

मालन भिसे. शून्य.
मालण. मालनबाई. मालती असेल का?
शून्य, शून्य.
आईला जाऊन सव्वीस वर्षं झाली.
शेवटच्या आजारात ती काहीतरी पुटपुटायची,
माळ, माळ,
आणि आम्ही जपमाळ हातात द्यायचो.

सुधारणा सुचवा, असं एक बटण आहे तिथे.
दाबलं. लिहिलं : हा मजकूर असंबद्ध नाही.
पुढे पुराव्याची चौकट, शेजारी तांबडी चांदणी.
ती रिकामी ठेवली तर ते पुढे जात नाही.
मी मुलगी, असं लिहिलं, पुसलं.
नुसतं एक टिंब दिलं.
टिंब चाललं.

सात वाजता भाचा आला.
सापडले का आजोबा?
सापडले म्हटलं, त्यांचं काय.
मला हे सांग, अर्धी पायली म्हणजे किती किलो?
त्याने उभ्याउभ्याच फोनवर शोधलं.
पाच उत्तरं आली, पाचही वेगळी.
यात सगळ्यात मोठं कुठलं, मी विचारलं,
आणि खुंटीवरची पिशवी काढायला उठले.